काहील

आदगोंडाचं गुऱ्हाळ बंद पडलं
त्या साली ही काहील आमच्या परड्यात आली.
वेलावरचा भोपळा द्यावा तशी दिली त्यानं,
चौघांनी धरून शेवग्याखाली ठेवली, तीन दगडांवर.
भूपालची कंबर स्टिअरिंगनं खाल्लेली,
सांगली-स्वारगेट, एकोणतीस वर्षं.
मिरजेचा डॉक्टर म्हणाला, गरम पाण्यात बसत जा.
कशात बसायचं ते बोलला नाही.

तळाला पाट, पाटावर पोतं, पोत्यावर भूपाल.
खाली चिपाडांचा जाळ आणि मी.
पहिले सहा महिने पाण्याला काकवीचा वास,
मुंग्या त्याच्या मानेपर्यंत चढायच्या.
"अगं, उकळी आली की सांग," म्हणायचा,
"पाक झाला तर वड्या पाड."

पुराच्या साली ती होडी झाली.
मुल्लांच्या दोन शेळ्या, शिलाई मशीन,
आठव्या दिवसाची बाळंतीण, सगळं तिनं शाळेपर्यंत नेलं.
परत येताना विजेच्या खांबाला थडकली.
तेव्हापासून गळते.
डांबर लावलं, सोल्युशन लावलं, पत्र्याचं ठिगळ लावलं.
पाणी जाळावर टिपकतं, धूर माझ्या डोळ्यात जातो,
आणि भूपाल म्हणतो, आज पाणी कोमट वाटतंय.

पोरीनं पुण्याहून फोटो पाठवला,
हवा भरायचा टब, गादीसारखा.
परड्यात बाभळीचे काटे, कुणी पाठवायचं पुण्याला त्यांचं फोटो?
गवंडी म्हणाला सिमेंटचा बांधू,
मग स्वतःच म्हणाला, गार पडंल.

शेवटी सांगलीला गेलो.
काचेच्या दुकानात निळा फायबरचा टब,
पाण्याशिवाय, उघडा, दवाखान्यातल्या ट्रेसारखा.
"आठ जेट आहेत, सर. पाठीला बुडबुडे मारतात."
भूपालनं किंमत ऐकून चष्मा काढला, पुसला, परत लावला.
किंमत तीच होती.
पोरगं चिकाटीचं. वही काढून विचारलं,
"किती जणांचा बघू?"

"एकाचा," भूपाल म्हणाला,
कंडक्टरला तिकीट सांगावं तसं, झटक्यात.

मी काही बोलले नाही.
भिलवडीच्या गाडीत खिडकीशी बसून हिशोब केला:
बावीस हिवाळे.
ताव बघायला रोज एकदा हात घातला मी.
त्या पाण्याशी माझी ओळख
कोपरापर्यंत.

मुल्लांच्या अस्लमनं तोडगा काढला.
डेअरीची जुनी टाकी भंगारात निघालीय, स्टीलची, दुहेरी भिंतीची.
"दूध गार ठेवत होती, काकी.
जे गार धरतं ते गरमपण धरतंच की.
वरनं कापून देतो, खाली कॉइल बसवतो.
फक्त कुठं कापायची ते सांगा. किती माणसं?"

भूपाल परड्यात आडवा झाला, गुडघे मोडून,
पाटावर बसल्यासारखा, पण जमिनीवर.
अस्लम चुन्याची फक्की घेऊन उभा.
मी चुलीची फुंकणी भिंतीला टेकवली,
पदर खोचला,
आणि त्याच्या शेजारी जाऊन पडले.

वर शेवग्याच्या शेंगा. कुंपणापलीकडं कुणीतरी खोकलं.
भूपालनं मान वळवून बघितलं माझ्याकडं,
ओळखीचं स्टेशन चुकून मागं गेल्यावर बघावं तसं.
मग कंबर धरत, कण्हत,
वीतभर सरकला.

अस्लम दुसरीकडं तोंड करून रेघ मारत गेला,
म्हणून ती जराशी वाकडी आहे.

टाकी पुढच्या शुक्रवारी येणार. हजार रुपये विसार दिलाय.
"आता मुंग्यांऐवजी मांजरं येतील," भूपाल म्हणतो,
आणि दिवसातनं दोनदा विचारतो,
कॉइलचं बटण नेमकं कुठं बसवणार,
कोण दाबणार.
मी सांगत नाही.

मुल्लांची कोंबडी सकाळी रेघेपाशी येते,
थांबते, मान तिरकी करते,
आणि आत पाय टाकते.