‘ब’ला हात लावू नये

सोहारच्या शाळेच्या गच्चीवर
दोन पॅनल ठेवलेत, दहा-दहा वॅटची, पाटाएवढी.
तोंड दक्षिणेला, कल चोवीस अंशांचा.
रिहाना परकारने कोन तीनदा मोजला,
आणि चौथ्यांदा, कारण तिसऱ्यांदा मी धरला होता.
पश्चिमेला हजरचे डोंगर, करपल्या भाकरीसारखे.
पूर्वेला समुद्र, आणि बंदराकडे
चिमणीच्या टोकावर कधीच न विझणारी ज्योत.

‘अ’ रोज पुसायचं. ‘ब’ला हात लावायचा नाही.
धूळ किती वीज खाते, एवढाच प्रश्न.
सुमेध खरात म्हणाला, महिन्यात निम्मी.
मी गप्प. प्रयोगशाळेतल्या मदतनीस बाईने
उत्तर आधी सांगायचं नसतं.

पहिला धडा भलताच मिळाला.
दुपारी एकचं ऊन, लोखंडी जिन्याला हात लावू नये असं,
आणि मीटरवर व्होल्ट उतरलेले.
“बाई, जास्त तापलं की कमी?”
हो. तापलेल्याकडून काम कमीच होतं.
हे मी पुस्तकात वाचलेलं नाही.
माझा नवरा जूनमध्येही बंदराच्या यार्डात असतो.

तीन आठवडे झाले तरी ‘ब’ पडेना.
‘अ’ नऊ पूर्णांक एक. ‘ब’ नऊ पूर्णांक एक.
मध्ये एकदा वाऱ्याने अख्खं गाव पिवळं केलं,
पोरांनी गाड्यांच्या काचांवर बोटाने नावं लिहिली,
दुसऱ्या दिवशी ‘ब’ पुन्हा नऊ पूर्णांक एक.
तारा बदलल्या. मीटरचा सेल बदलला.
सुमेध म्हणाला, आकडे जरा खाली ओढू, कोणाला कळतंय?
रिहाना त्याच्याकडे नुसती बघत राहिली.
त्याने खोडरबर खिशात घातलं.

मग तिने नोंदणाऱ्या डबीतले आकडे काढले, दर दहा मिनिटांचे,
आलेखाच्या कागदावर ठिपके दिले, जोडले.
दोन रेघा, एकीवर एक, आणि दोघींना दात:
शुक्रवारी जरा खाली, शनिवारी आणखी,
रविवारी शाळा भरायच्या आत परत वर.
“बाई, इथे धूळ फक्त सुट्टीच्या दिवशी बसते?”

रविवारी पहाटे सहाला आम्ही दोघी पाण्याच्या टाकीआड.
मल्लय्या आला. बादली, फडकं.
निजामाबादकडचा; धर्माबादला मावशी, म्हणून मराठी थोडंफार.
आधी ‘अ’. मग ‘ब’.
ताटाची कड निपटावी तसं कोपऱ्यांतून बोट फिरवलं.
आम्हाला पाहून दचकला, मग हसला.
“पोरं एकच पुसतात, दुसरं विसरतात.
नापास होतील ना, म्हणून...”

‘हात लावू नये’ची पाटी इंग्रजीत होती.
तीही त्याने रोज पुसली होती, लखलखीत.

प्रयोग पुन्हा पहिल्यापासून.
रिहाना अहवाल घेऊन आली, पेन उघडं:
“मल्लय्याकाकांना कुठे लिहू?
साहित्यात, की चुकांच्या कारणांत?”
मला सुचेना. म्हटलं, त्यांनाच विचार.
तिने विचारलं असावं. ते पान अजून मला दाखवलेलं नाही.

आज ‘ब’ सात पूर्णांक आठ.
सुमेधने गच्चीभर उड्या मारल्या.
मल्लय्या जिन्याशी उभा, हात मागे बांधून,
त्या मळक्या काचेकडे बघत,
बोटं एकमेकांत घट्ट अडकवलेली.