चिरा

चढाला तोंड करून लवू मेस्त्री ट्रॅक्टर थांबवतो.
हँडब्रेक दोनदा ओढतो,
पहिल्या ओढीवर त्याचा भरवसा नाही.
मग पहिला गिअर. चावी खिशात.
नांगर भुईला टेकवतो
दमल्या बैलाला बसवावं तसा,
आणि उतरून
जांभ्याचा चिरा मागच्या चाकामागे सारतो,
टाचेनं ठोकतो.

खाली काजूची रांग, तिच्याखाली आवाठ,
शेवंतीच्या अंगणात वाळत घातलेली आमसुलं,
त्याच्याही खाली खाडी.

"दोन मिनिटांचं तर काम," मी म्हणतो.
"गडग्यापर्यंत जायला
त्याला तेवढीही लागत नाहीत."

गडग्यात एका जागी दगड अजून लाल आहेत,
बाकीच्यांवर शेवाळ काळं पडलंय.
तिकडे पाठ करून
तो थर्मासातला चहा ओततो.
आधी मला.