साठ फूट

शुक्रवारी फजरनंतर परकार विमान काढतो
पिकअपच्या मागून, जुन्या चादरीत गुंडाळलेलं.
रास अल खैमाबाहेर, सिमेंट फॅक्टरीच्या मागं
खारट, टणक जमीन आहे. तिथं कुणी काही विचारत नाही.

मी विमान धरून उकिडवा. तो तारा पुसतो,
दोन तारा, साठ फूट, दवानं ओल्या.
इंजिन आधी खोकतं, मग एकदम किंचाळतं.
तोंडावर एरंडेलाचा धूर,
आई नाक दाबून पाजायची, तोच वास.
तो मान हलवतो. मी सोडतो.

मग काही नाही. गोल. गोल.
घाण्याचा बैल निदान तेल तरी काढतो, मी म्हणायचो.

एकदा शिफ्ट इंजिनिअरचा मुलगा आला, ड्रोन घेऊन,
खाडीपलीकडचे फोटो काढून आणणारं.
"काका, हे सुटत का नाही?"
परकारनं चालत्या फेरीत मूठ त्याच्या हातात दिली,
वर आपला पंजा ठेवला.
तिसऱ्या फेरीला पोरगा हसायचा थांबला.
पाचव्याला पाय अडखळले, नजर विमानावरच.
"ओढतंय," म्हणाला. "ओढतंय हो, खरंच!"

टाकीत सहा मिनिटांचं तेल.
ते संपलं की फक्त तारांची शीळ,
आणि विमान उतरतं, तेही गोलातच.

पोरगा खाली बसला, डोळे मिटून.
"पुढच्या खेपेला उपाशीपोटी ये," परकार म्हणाला.

अकरा वर्षं मी धरतोय, सोडतोय.
मूठ कधी मागितली नाही.
हाताचा ओशटपणा साबणानं जात नाही,
आणि शुक्रवारी मी
साबण जरा उशिराच शोधतो.