प्रॉम्प्टर

मला अभिनय येत नव्हता. खैरनार सरांनी तीन दिवसांत ओळखलं
आणि वही हातात दिली: तू विंगेत बस,
जो अडेल त्याला वाक्य दे. मोठ्यानं नको,
उसने पैसे देतो ना चारचौघांत, तसं.

निरीक्षणगृहाच्या जेवणाच्या हॉलमध्ये तालमी.
वरणाच्या वासात संवाद पाठ झाले.
दार केलं पिंपळगावच्या द्राक्षांच्या खोक्यांचं,
आतल्या अंगाला 'नाजूक माल' तसंच राहिलं.
हवालदार झाला फुलेनगरचा चेतू,
त्याला ती चाल कुणी शिकवावी लागली नाही.
आई झाला रिझवान. आहेर बाईंची सुती साडी,
ओठावरची लव पावडरीखाली दाबलेली.
पहिल्या दिवशी सगळे हसले.
त्यानं पदर डोक्यावर घेतला तेव्हा थांबले.

गोरक्षला परत आलेला मुलगा दिला.
एकच प्रवेश. कडी वाजवायची, म्हणायचं,
"आई, मी आहे. दार उघड."
घरफोडीच्या चार केसेस त्याच्यावर.
म्हणायचा, सर, दार वाजवायची सवय नाही ओ.

सातपूरचा कामगार हॉल, सकाळी अकराचा प्रयोग,
पंख्यांची घरघर, पुढे तीन परीक्षक, मागे दोन शिपाई.
गोरक्षनं हात वर केला
आणि हात तिथंच राहिला.

मी वाक्य दिलं.
पुन्हा दिलं, नुसत्या श्वासावर.
त्याला ऐकू आलं. कान हलला त्याचा,
शपथेवर सांगतो, आणि शपथ म्हणजे काय ते मला कोर्टात कळलंय.
कुणीतरी खोकलं.
मग तो दाराकडे पाठ करून खाली बसला,
गुडघे छातीशी घेऊन.

संहितेत नव्हतं, तरी रिझवाननं आतून दार उघडलं.
"जेवलास?" म्हणाला.
बाईच्या आवाजात नाही. स्वतःच्याच.

परीक्षकांनी लिहिलं: संहितेकडे दुर्लक्ष.
उत्तेजनार्थसुद्धा नाही.
परतताना गाडीत शिपायानं आम्हाला दोनदा मोजलं,
सोळा, आणि परत सोळा.
त्र्यंबक रोडच्या सिग्नलला गोरक्ष
खिडकीची जाळी नखानं वाजवत होता,
टक टक. थांबून, टक.

मी आता अंबडला लेथवर असतो.
वही माझ्याकडेच राहिली.
पान एकोणीस, पेन्सिलची खूण, ते वाक्य.
मी दिलं होतं, कुणी घेतलं नाही.
अजून तसंच आहे,
कोरं करकरीत.