एकशे ऐंशीवं घर

नवतप्याचा चौथा दिवस.
सोनेगावच्या कार्गोतून शेषराव उईके
थर्माकोलचा डबा स्कूटरवर, दोन पायांच्या मधे घेऊन आला.
डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा.
डब्यात बर्फ, बर्फात बोटाच्या पेराएवढी कुपी,
किंमत माझ्या महिन्याच्या फेलोशिपएवढी.

"ऊन लागलं का?"
"नाई वो मॅडम, काई नाई."
मी पावतीवर सही करेपर्यंत
त्यानं तोंड धुतलं, माठातले दोन ग्लास प्याला,
आणि खरंच काही दिसेना.

कुपीत एका सशाची ओळख आहे.
ससा मी पाहिला नाही.
त्याच्या रक्ताला एवढंच कळत होतं:
पी-३८ नावाच्या प्रथिनात एकशे ऐंशीव्या घरी
आणि एक घर सोडून पुढच्या घरी
फॉस्फेट बसलं आहे का.
बसलं असेल तर धरायचं.
नसेल तर तेच प्रथिन समोरून गेलं तरी
ओळख द्यायची नाही.

एक ताटली त्रेचाळीस अंशांवर, अर्धा तास.
दुसरी सदतिसावर, सुखात. तिला आम्ही कंट्रोल म्हणतो.
मग बर्फावर घाई,
कारण पेशी आपला ताप फार वेळ अंगावर ठेवत नाही,
खूण पुसणारे हात तिच्यातच असतात.
त्यांना अडवणारं औषध विसरलात
तर थोड्या वेळानं विचारा,
काही झालंच नव्हतं.

पडद्यावरच्या रिकाम्या जागा बुजवायला इथे दूध चालत नाही.
दुधातल्या केसिनवरही फॉस्फेट असतं.
हे पहिल्या वर्षी मला कोणी सांगितलं नव्हतं.
तीन पडदे काळे झाले,
मी खाली जाऊन तर्रीपोहे खाल्ले, डोळ्यांतून पाणी आलं,
तर्रीवर ढकललं.

रात्रभर कुपीतला थेंब
चार अंशांच्या खोलीत पडद्यावर झुलत राहिला.
सकाळी मशीननं दोन पट्ट्या दाखवल्या.
पहिली गडद.
दुसरी, कंट्रोलची,
फिकी. पण होती.

रजिस्टर काढलं. शेषरावाचं अक्षर, रेषेवर न बसणारं:
'काल दुपारी सव्वाबारा ते एक लाईट नव्हती.
पेशींच्या कपाटाचा काटा ४१.'
तेव्हा मी अकाउंट्समध्ये
त्याच कुपीच्या बिलावर सही मागत उभी होते.

"शेषराव, सांगायचं ना."
"सांगतो म्हनलं, पन तुमी घाईत होत्या."

वहीत लिहिलं: कंट्रोल बाद. पुन्हा करणे.
खाली तारीख घातली. नवतपा पाचवा, असं नाही लिहिलं,
परीक्षक पुण्याचे आहेत.

टेबलावर, कालच्या थर्माकोलच्या झाकणात
त्याचा कांदा राहून गेला होता.
उचलला.
एका बाजूनं शिजल्यासारखा मऊ.