शनिवारच्या स्पर्धेआधी

स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला
इश्बेल मकॉले शाळेची बस चालवते. थांबे चौदा.
प्रत्येक थांब्याला ती मनात एक होल खेळते;
उरलेले चार रात्री, उशीवर.

पहाटे सिंकला धरून कंबर वळवते:
डावीकडे जमतं, उजवीकडे हाड बोलतं.
मग बंदराच्या भिंतीपर्यंत चाल, पाठीवर गोल्फची पिशवी,
आत क्लब नाहीत, बटाटे.
वजन तेच, म्हणते, आणि घरी येऊन शिजवताही येतात.

वारा कुठून, हे ती शेजारणीच्या वाळत्या चादरींना विचारते.

गेल्या वर्षी चार फुटांवरून हुकलेला चेंडू
अजून गडगडतोच आहे.
गालिच्यावर चहाचा कप आडवा ठेवून
ती रोज तीस वेळा मारते.
जातो. तीसच्या तीस.
कपाभोवती माणसं नसतात ना.

म्हणून काल बसमधल्या पोरांना सांगितलं,
मी मारताना ओरडा.
सातजण आले, चिखलाच्या बुटांसकट.
धाकट्या इनसने तर डबाच बडवला.
चेंडू कपाच्या कडेला लागून
फ्रीजखाली.

तिथे फरशीवर आडवी होऊन हात लांबवताना
तिला हसू आवरेना,
आणि कंबर उजवीकडे वळली,
काही न बोलता.