मापांची वही

टायगर चक्रधरचं माप मला कधी पाठ झालं नाही,
खोटं कशाला बोलू.
तो पोस्टरवर होता ना,
वेंगुर्ल्याच्या बंदरापासून शिरोड्याच्या तिठ्यापर्यंत
खळ लावून चिकटवलेला, मिशीसकट.
त्याच्या काखेखाली
पोस्टाच्या तिकिटाएवढी, वादळ पार्टीची बाकीची चार डोकी.
अनंत मोचेमाडकरचा छापखान्यात 'अंत' झाला
तो नऊ वर्षं कोणी दुरुस्त केला नाही.

त्या चौघांची मापं विचारा.

बस्त्याव रॉड्रिग्ज. कंबर अठ्ठेचाळीस.
दिवसा काजूच्या कारखान्यात पोती,
रात्री स्वतः.
समोरचा हिरो कोल्हापूरचा म्हणून यायचा, असायचा कुडाळचा,
बारीक. त्याने कमरेला नुसता हात लावला
की बस्त्याव श्वास धरून अशी उडी घ्यायचा
की आख्ख्या जत्रेला वाटावं, पोराने डोंगर उचलला.
आत गवत भरलेल्या जुन्या शिडाच्या गादीवर
तो आपटला की खाजेवाल्याच्या दुकानातली
परात वाजायची.

हमीद काझी. बाही लांब ठेवा म्हणायचा, हातवारे दिसायला हवेत.
त्याने अंगाला अंग कधी लावलंच नाही.
कडेच्या फळीवर चढून पंचाशी हुज्जत,
जात, कायदा, वडाचं पान, काय वाट्टेल ते,
आणि पंचाची पाठ वळली की मागे टायगरची लबाडी.
लोक टायगरला शिव्या घालायचे, प्रेमाने.
हमीदकडे कोणी बघायचंच नाही.
हीच तर त्याची कला.

अनंत खुर्ची आणायचा. पत्र्याची, घडीची.
शो सुरू व्हायच्या आधी माझ्या मशीनच्या मागे बसून
तो तिच्या कडा कानशीने घासायचा.
"कोणाक लागाक नको गे," एवढंच.
मी म्हटलं, मग मारतास कित्याक?
हसला नुसता.

आणि भिवा कुबल.
तीन आकडे मोजले जायचे ते त्याच्यावर. रोज.
टायगर ताजा राहावा म्हणून आधी भिवा हरायचा.
नवरात्रात एकदा विचारलं, कंटाळा नाही येत?
म्हणाला,
"उठूक कोणय उठता, शेवंतीबाय.
पडूक शिकाचा लागता."

त्याचा अंगरखा कायम डाव्या खांद्यावर उसवायचा.
पडायची बाजू ठरलेली, उसवायची जागा ठरलेली.
मी तिथे आधीच दुहेरी शिवण घालून ठेवायची.

मोचेमाडच्या जत्रेत दवात दोर भिजले होते,
ट्रॉलरचेच दोर ते, खारे, बांगड्याचा वास मारणारे.
टायगर वरच्या दोरावर चढला, दोन्ही हात वर,
आणि पाय सरकला.
मी तिकिटांच्या टेबलाशी सुटे मोजत होते, काही दिसलं नाही.
ऐकलं ते हे:
भिवाने चुकीच्या वेळी मध्ये धाव घेतली, खेळ बिघडवला.
पोरांनी त्याला शेंगांची टरफलं मारली.
टायगर उठला, मिशीवरून हात फिरवला. टाळ्या.

सकाळी अंगरखा शिवायला आला.
डावा खांदा जसाच्या तसा.
उजवीकडे काखेपासून कोपरापर्यंत फाटलेला,
आणि आत जे वाळलं होतं ते
आमच्या बाटलीतलं नव्हतं.
बाटलीतलं कोकमाचं असायचं. धुतलं की जायचं.

मी कोणाला बोलले नाही. शिवून दिला.

पुढे टायगर पुण्याला गेला, टीव्हीवर दिसला म्हणे दोनदा.
पार्टी मोडली. फळ्या परत होड्यांच्या कामाला लागल्या.
वही आहे अजून,
पाचव्या पानावर चक्रधर, आकडा पुसट.

परवा भिवा आला, भाचीच्या लग्नासाठी शर्ट शिवायला.
टेप टाकला. उजवा खांदा दीड बोट खाली.
लिहून घेतलं.
शर्ट बेतताना त्या खांद्याखाली थोडा कापूस घातला,
पैसे लावले नाहीत, सांगितलंही नाही.

आरशासमोर उभा राहून तो बराच वेळ
एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून बघत होता.
मग म्हणाला, बरो बसता.
आणि बटणं काढताना,
माझ्याकडे न बघता,
"जरा जास्तच बरो बसता."